सोंगाडी मिरची

माझ्या नवऱ्याच्या पोटासाठी मी त्याला आणि माझ्या सासूबाईंना दोन वर्षं फसवलं. हे सांगताना मला अजूनही फारशी लाज वाटत नाही. लाज वाटते ती शेवटच्या आठ दिवसांची, आणि तेच सांगायला बसले आहे.

नवऱ्याच्या जठरात व्रण निघाला. डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून पाहिलं आणि तिखट बंद केलं. बंद म्हणजे अगदी बंद. आमचं घर मूळचं सिंधुदुर्गातलं. नवरा दोन दिवस मुकाट्याने दूधभात जेवला, तिसऱ्या दिवशी स्टेशनजवळ जाऊन मिसळ खाऊन आला आणि रात्रभर पोट धरून बसला. सकाळी म्हणाला, "पाव शिळा होता." सासूबाई त्याच्याच पार्टीच्या. "तिखटान कोण मरणा नाय," त्या म्हणाल्या. "बिनतिखटाचा जेवान मरतत."

मी वालीवला औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात दर्जा तपासायच्या टेबलावर काम करते. दिवसभर झाकणं हातात घ्यायची: हे पास, हे नापास. त्या कामामुळे माझा स्वभाव तिरसट झाला, असं घरचे म्हणतात. मी म्हणते, स्वभाव तसा होता म्हणून तर ती नोकरी टिकली. या मायलेकांशी वाद घालण्यात अर्थ नाही, हे मी त्याच सकाळी ओळखलं. ज्याला तिखट हवंच आहे, त्याला तिखट नसलेली तिखट मिरची द्यायची, एवढा एकच मार्ग उरला होता. अशी मिरची बाजारात कोणी विकत नाही, म्हणून ती आपणच पिकवायची ठरवली.

आम्ही नालासोपारा पश्चिमेला, गासकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तळमजल्यावर राहतो. आमच्या दोन खिडक्या आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये तीन फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. सोसायटीच्या नियमाप्रमाणे तिथे फक्त शोभेची झाडं लावता येतात. मी अर्ज केला. त्यावर मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले की जे खातात ते शोभेचं नव्हे. मी विचारलं, जास्वंद तेलात उकळून डोक्याला लावतात, मग ती शोभेची की औषधी? यावर पाऊण तास चर्चा झाली. गच्चीच्या गळतीवर त्या दिवशी बोलणं झालंच नाही. शेवटी सेक्रेटरींनी ठराव लिहिला की झाडावर असेपर्यंत मिरची शोभेची समजावी आणि तोडल्यानंतर ती सदस्याची खाजगी बाब राहील. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

वाण निवडायला मला बरेच महिने लागले. एक वही केली. जेवणाच्या सुट्टीत कच्ची मिरची चावायची आणि किती घोट पाणी लागलं ते लिहायचं. ज्वाला, चार घोट. लवंगी, अख्खी बाटली, आणि त्या दुपारी डोळ्यांतल्या पाण्यामुळे मी चांगली झाकणंसुद्धा नापास केली. ब्याडगी दिसायला देखणी, पण तिलाही एक घोट लागलाच. भावनगरी सौम्य खरी, पण तिच्याकडे बघूनच कळतं की ही भज्यांसाठी जन्माला आली आहे. तिच्यावर कोणी फसणार नाही. ढोबळीला तर सासूबाई मिरची मानतच नाहीत. एकदा आणली तेव्हा हातात घेऊन म्हणाल्या, "ह्यो भोपळो मिरचेच्या जातीत खंयसून इलो?"

शेवटी रस्त्याकडेच्या एका रोपवाटिकेत मला हवी ती मिळाली. पाकिटावर लांब, वाकडी, टोकदार, लालभडक मिरचीचं चित्र होतं. रोपवाटिकेचा मालक प्रामाणिक निघाला. "ताई, ही नका नेऊ," तो म्हणाला. "लोक भांडायला येतात. दिसते वाघासारखी, आत काही नाही." त्याच्याकडे होती ती तिन्ही पाकिटं मी घेतली. पहिली मिरची लाल झाली तेव्हा खिडकीखाली उभी राहून मी ती देठापर्यंत खाल्ली. गाजर खाल्ल्यासारखं वाटलं. वहीत लिहिलं, शून्य घोट, आणि खाली रेघ मारली. पाकिटावरचं परदेशी नाव मला उच्चारता येत नव्हतं, म्हणून तिचं नाव मीच ठेवलं: सोंगाडी.

त्या उन्हाळ्यात मी गच्चीवर सोंगाडी वाळवली आणि घरातल्या मिरच्यांच्या बरणीत भरली. बरणीतल्या खऱ्या मिरच्या कारखान्यातल्या बायकांना वाटून टाकल्या. मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. नवरा लालजर्द आमटी ओरपायचा, कपाळावरचा घाम पुसायचा, हुसहुस करायचा आणि पाणी मागायचा. त्या आमटीत गाजराइतकंही तिखट नव्हतं, पण त्याला खरोखरचा घाम यायचा. एकदा तर उचकी लागली. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तर व्रण भरून आला होता. नवरा त्यांना म्हणाला, "डॉक्टर, मी तिखट एक दिवस सोडलं नाही." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीवरचा आतड्यांचा तक्ता वाचायला लागले. तेव्हापासून नवरा पोटाचं दुखणं असलेल्या प्रत्येकाला मिरचीचा सल्ला देतो. कृपा करून कोणी ऐकू नका.

सासूबाई मात्र जेवता जेवता थांबायच्या. "जिभेक हल्ली काय लागणा नाय गो," म्हणायच्या. "म्हातारी झालंय." हे ऐकलं की मला अपराधी वाटायचं. त्यांना वेगळी लवंगी वाढावी असं पुष्कळदा मनात आलं, पण मग नवऱ्याने विचारलं असतं की तिच्या ताटात मिरची का आणि माझ्या का नाही. मी तीच आमटी वाढत राहिले.

आता भिंतीपलीकडच्या मावशींबद्दल सांगायला हवं. आमची बिल्डिंग उभी राहिली ती त्यांच्याच भाऊबंदांच्या वाडीत. त्यांच्या वाट्याची वाडी आणि घर भिंतीच्या पलीकडे अजून आहे. गावातलं जुनं ख्रिस्ती कुटुंब. घरात त्यांची आपली बोली, ती आम्हाला निम्मीच कळते. आमच्याशी बोलताना त्या आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करतात. रोज संध्याकाळी त्या फुलांची टोपली घेऊन आमच्या गेटजवळच्या सिमेंटच्या बाकावर येत आणि सासूबाई त्यांच्याबरोबर गजरे ओवत. त्यांना सासूबाई नुसतं बाय म्हणत. गाव सोडून इथे आल्यापासून सासूबाईंनी जोडलेली अशी ही एकच मैत्रीण. एक मालवणीत बोलायची, दुसरी वसईच्या बोलीत, आणि दोघी एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत असल्यामुळे अर्थ लागायला अडचण येत नसे.

पहिल्याच वर्षी मावशींनी भिंतीवरून मला त्यांच्या घरच्या मिरचीची तीन रोपं दिली होती. बुटकी, आभाळाकडे तोंड करून उभी राहणारी मिरची. उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटताना त्या हीच घालतात. वहीत तिच्यापुढे मी घोट लिहिले नाहीत, नुसतं "नको" लिहिलं. पण दिलेलं रोप परत कसं करणार? पट्टीच्या टोकाला, सोंगाडीपासून तीन हातांवर ती लावली. दुसऱ्या वर्षी पाकिटं मिळाली नाहीत, तेव्हा सोंगाडीचंच बी धरून पेरलं. रोपं तशीच आली, मिरच्याही तशाच लांब, वाकड्या, लाल. मी चावून बघितल्या नाहीत. वीस वर्षं दर्जा तपासणारी बाई मी, आणि दुसरा लॉट न तपासता पास केला.

नाताळ जवळ आला होता. एका संध्याकाळी मावशी भिंतीवरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "बाय, काय धरल्यात गं मिरच्या! झाड दिसत नाय, मिरच्याच दिसतात. आनि तुजा नवरा बी काय गुटगुटीत झालाय." सासूबाई खिडकीत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा बूट घालायला वाकला आणि तसाच राहिला. कंबर धरली. काटकोनात उभा, नजर फरशीवर. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा दिला, गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवस विश्रांती सांगितली. सासूबाईंनी दृष्ट काढायचं ठरवलं.

आमच्या घरात दृष्ट सगळ्यांची निघते. नवऱ्याची निघते, मुलगी पुण्याहून आली की तिची निघते, नवी स्कूटर घेतली तेव्हा तिची निघाली, एकदा फ्रीजचीसुद्धा निघाली. माझी सत्तावीस वर्षांत एकदाही निघाली नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तापाने फणफणले होते, तेव्हा मीच होऊन म्हटलं, माझी पण काढा ना. त्या हसून म्हणाल्या होत्या, "तुका कोणाची लागतली?" मीही हसले होते. पण विसरले नाही, हे खरं.

मीठ, मोहरी आणि बरणीतल्या पाच लाल मिरच्या मुठीत घेऊन सासूबाईंनी त्या काटकोनावरून सात वेळा उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मिरच्यांचा ठसका उठला, घरभर लोक खोकले, की समजायचं विशेष काही नाही. ठसका लागलाच नाही तर दृष्ट जबर. आमच्याकडे मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या झाल्या, आणि कोणी शिंकलंसुद्धा नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला. अकरा मिरच्या घेतल्या. काही नाही. मग मूठभर घेतल्या. तव्यावर कोळसा झाला आणि स्वयंपाकघरात भाजलेल्या भाजीचा मंद वास सुटला. मी तोंडावर पदर धरून खोकून बघितलं. "तुका सर्दी झालीहा," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

नंतर त्यांनी तव्यातला कोळसा मोरीत ओतला. मग म्हणाल्या, "बायची लागली. काल तिणाच बघितलान."

तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण उघडलं असतं तर बरणीचं गुपित फुटलं असतं, नवरा दुसऱ्या दिवशी बाजारातून लवंगी घेऊन आला असता आणि पोट पुन्हा पहिल्यावर गेलं असतं. शिवाय दोन वर्षं फसवल्याबद्दल दोघांनी मला फाडून खाल्लं असतं. चार दिवसांत त्या विसरतील, असं मी स्वतःला सांगितलं. त्या विसरल्या नाहीत. संध्याकाळी बाकावर गेल्या नाहीत. मावशी टोपली घेऊन आल्या, तर खिडकीचा पडदा ओढून घेतला. सोसायटीतल्या कामवाल्या बाईकडून कारण वाडीपर्यंत पोचलंच. मग मावशीही यायच्या बंद झाल्या. सासूबाई पडद्याआड बसून रिकाम्या दोऱ्याला गाठी मारायच्या आणि पुन्हा सोडवायच्या.

सातव्या दिवशी कामावरून येताना मला मावशी रस्त्यात दिसल्या. डिसेंबरचं कोरडं आभाळ आणि त्यांनी छत्री उघडलेली. आमच्या पट्टीजवळ आल्यावर छत्री आडवी धरली, मिरच्यांच्या बाजूला, आणि मान वळवून भिंतीलगत निघाल्या. माझ्या झाडांवर आपली नजर पडू नये म्हणून. मी हाक मारली तेव्हा छत्रीआडूनच म्हणाल्या, "बाय, खरं सांग. माजी नजर वाईट हाय काय गं?" "फादरना पन विचारलं मी," त्या म्हणाल्या. "ते बोलले, असं काय नसतं. पन फादर कुठं मिरच्या लावतात?"

मला इतकी शरम वाटली की घरी जाऊन मी चपलासुद्धा काढल्या नाहीत, तशीच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मावशी चर्चमधल्या मिस्साहून परत येण्याच्या वेळी मी सासूबाईंना आणि नवऱ्याला गेटजवळ आणलं. सासूबाई येत नव्हत्या. सोसायटीने आपली झाडं उपटायला काढली आहेत असं खोटंच सांगितलं, तेव्हा धावत आल्या. नवरा कंबरेचा पट्टा बांधून, मान खाली घालून उभा राहिला. मावशी आल्या तशी मी त्यांचा हात धरला. सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन चालले होते, तेही थांबले.

मी सगळं सांगून टाकलं. पाकीट, वही, शून्य घोट, बरणी. "या मिरच्यांना तिखट नाहीच," मी म्हणाले. "तव्यावर ठसका लागणार कुठून? दृष्टबिष्ट काही नाही. मावशींवर उगाच आळ घेतलात. सगळी लबाडी माझी आहे."

मग फरशीकडे बघत नवरा म्हणाला, "काहीतरीच काय? मला घाम येतो."

"खोटा बोलता ती," सासूबाई म्हणाल्या. "बायक वाचवूक."

माझं डोकं फिरलं. आयुष्यात कधी नव्हे ते खरं बोलले तर ही किंमत. मी पट्टीवर वाकले, सगळ्यांत लांब, सगळ्यांत लाल मिरची तोडली, सगळ्यांना दाखवली आणि देठापर्यंत तोंडात घालून मस्तपैकी चावली.

मधमाश्यांनी गेल्या वर्षी त्या तीन हातांत काय उद्योग केले होते ते मला त्या क्षणी कळलं. अंगावर सोंगाडीचा झगा आणि आत मावशींच्या घरची मिरची. आधी कान गेले, मग नाक, मग डोळे. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला तर तोंडातून फक्त हवा आली. गेटला धरून मी खाली बसले. वरून सेक्रेटरींचा आवाज आला, "तोडल्यानंतर ती सदस्याची खाजगी बाब आहे."

"बघा," नवरा म्हणाला. त्याला आमच्यातली फक्त मीच आता नीट दिसत होते, कारण मी फरशीवर होते. "म्हणे तिखट नाही."

मग सासूबाई ओरडल्या, "अगो बाय, गोड काय आसा तर आण गो बेगीन! मरतली ती!" आठ दिवसांत त्या मावशींशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मावशी छत्री टाकून वाडीकडे पळाल्या. सत्तरीतल्या बाईला मी तसं पळताना कधी पाहिलं नाही. नाताळसाठी ठेवलेल्या सुकेळ्यांची, त्या वाळवलेल्या गोड केळ्यांची, अख्खी पुडी त्यांनी आणली आणि एकामागून एक माझ्या तोंडात कोंबली. एक दंड सासूबाईंनी धरला, एक मावशींनी, आणि मला स्वयंपाकघरात नेऊन पाटावर बसवलं. उलगडा करायला माझ्याकडे जीभच नव्हती.

सासूबाईंनी बरणीत हात घातला. मला वाटलं, आता नवऱ्याची पुन्हा काढणार. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मिठाची, मोहरीची आणि मिरच्यांची मूठ माझ्या डोक्यावरून पायापर्यंत सात वेळा उतरवली. ओठ हलत होते, पण काय पुटपुटत होत्या ते ऐकू आलं नाही. मग मूठ तव्यावर टाकली.

बरणीतल्या मिरच्या गेल्या वर्षीच्या होत्या. पहिल्या लॉटच्या. काळ्या झाल्या, धूर झाला, ठसका नाही.

मावशी ओट्याशी उभ्या होत्या. बरणीतून त्यांनी एक मिरची उचलली, मोडली, नाकाशी धरली, जिभेला लावली. जन्मभर मिरच्या कुटणाऱ्या बाईला आणखी काय सांगायला लागतं? त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंडात सुकेळं धरून त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ती मोडकी मिरचीही तव्यावर टाकली आणि म्हणाल्या, "लय मोठी लागलेली, ताई."

सासूबाई तव्याकडे बघत राहिल्या. "केवढी लागली होती गो तुका," त्या म्हणाल्या. "आणि माका कळलाच नाय."

"कोनाची असंल?" मावशींनी हळूच विचारलं.

सासूबाईंनी पदराने माझं तोंड पुसलं. डोळे, नाक, सुकेळ्याचा चिकटा, सगळं एकदमच, लहान मुलाचं पुसतात तसं. "माझीच असतली," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षां मीच बघतंय हिच्याकडे. दुसरा कोण बघता?"

मग त्यांनी गॅस बंद केला आणि मावशींना विचारलं, आज फुलं आणलीस की नाही. दोघी बाकाकडे गेल्या. मी तवा घासायला घेतला आणि घासता घासता रडत बसले. नवरा दारातून फरशीकडे बघत म्हणाला, "पाणी पी."